उभ्या गाडीचे ब्रेक

लोम, नदीकाठची तंबूंची छावणी
१८ ऑगस्ट १९९६

ती. ओड्मुंडकाकांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला हे मीच आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पहिलाच परिच्छेद वाचून तुम्हांला चष्मा टेबलावर आपटायची गरज पडणार नाही. जूनमध्ये लिहायला बसलो होतो. 'ती. काकांस' एवढं झालं आणि कुणीतरी मासे धरायला चल म्हणालं. जुलैत पुन्हा बसलो, तर तोच कागद माशाला गुंडाळून कुणीतरी घेऊन गेलेलं. त्या माशाला मात्र माझी खुशाली कळली असेल.

तर मी बरा आहे. छावणीत गवत कापतो, संडास धुतो, आणि जर्मन पाहुण्यांना इथे अस्वल नाही असं सांगतो. नाही म्हटलं की ते नाराज होतात, म्हणून हल्ली असेलही म्हणतो. परवा असाच एकजण गाडीमागे घरगाडी ओढत घाट उतरून आला. ब्रेक इतके तापलेले की चाकांतून धूर! बिचाऱ्याने घाईघाईने बादलीभर ओढ्याचं पाणी ओतलं. टण्ण असा आवाज झाला आणि ब्रेकच्या चकतीला आरपार चीर. तो सबंध संध्याकाळ तिथेच चाकाशेजारी उकिडवा बसून होता, घरातलं कुणी गेल्यासारखा. मला तुमची आठवण झाली.

तुमची गाडी कशी आहे? काकूही बरी असेलच. तुमच्या घरात वाढलो म्हणून ख्यालीखुशाली कुठल्या क्रमाने विचारायची ते मला ठाऊक आहे.

लोभ जुनाच आहे, तो चालू ठेवावा.

तुमचा पुतण्या,
हालवर

*

वीकदाल
२९ ऑगस्ट १९९६

चि. हालवर यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. काकू बरी आहे. गाडी बरी नाही.

मे महिन्यात धक्क्यावरच्या स्वेर्रेकडून पुढच्या दोन्ही ब्रेकच्या चकत्या नव्या घातल्या होत्या. आज ऑगस्ट. चकत्यांवर नांगरट केल्यासारखे चर पडलेत, ब्रेक दाबला की स्टिअरिंगला हुडहुडी भरते. आता तूच विचार कर. मी दोन आठवडे समुद्रात तेलविहिरीवर, तीन आठवडे घरी. समुद्रात असताना गाडी शेडमध्ये, वर कापड, कापडावर दोरी. म्हणजे जी गाडी निम्मा वेळ उभी असते तिचे ब्रेक टॅक्सीपेक्षा लवकर झिजतात! किलोमीटर म्हणशील तर काहीच नाहीत.

स्वेर्रेकडे नेली. तो खाली वाकला, पाहिलं, हात पुसले, आणि मला म्हणतो की ओड्मुंड, तुझ्या घरात कुणाचा तरी पाय ब्रेकवर जड पडतोय. माझ्या घरात! माझ्या घरात गाडी चालवतो कोण? मी. स्टिअरिंगकडचं ते डावं दार मी गाडी घेतल्यापासून माझ्याशिवाय कुणी उघडलेलं नाही. एकतीस वर्षं मी गाडी चालवतोय, आणि ह्या माणसाने माझ्या पायाबद्दल बोलावं? मी तिथल्या तिथे, फेरीबोटीची रांग ऐकत असताना, त्याला चोर म्हटलं. शनिवारची त्याच्याकडची कॉफी बंद. तीस वर्षांची कॉफी होती, पण बंद म्हणजे बंद.

मग शहरातल्या मोठ्या वर्कशॉपला नेली. तिथे गाडी बघणारा माणूस वेगळा आणि बोलणारा वेगळा. बोलणाऱ्याने टाय लावला होता. म्हणाला स्वेर्रेने हलकं लोखंड घातलं. त्याने चकत्या बदलल्या, पॅड बदलले, आणि आणखी एक काहीतरी बदललं ज्याचं नाव बिलावर आहे पण वाचता येत नाही. समाधान वाटलं. टायवाला माणूस उगाच बोलणार नाही.

तू एका जागी राहायला शीक. नाताळात मी निवृत्त होतोय, मग कायमचा घरीच. तेव्हा तुझ्याकडेही लक्ष देता येईल.

तुझा शुभचिंतक काका,
ओड्मुंड

*

वीकदाल
६ सप्टेंबर १९९६

चि. हालवर, पोरा,
अ. उ. आ. आणि एक गालगुच्चा.

काका मंगळवारी हेलिकॉप्टरने समुद्रात गेले. आता सांगते. वाचून झालं की कागद चुलीत घाल. तुमच्या तंबूत चूल नसेल तर माशाला गुंडाळ.

तो जड पाय माझा आहे.

हसू नकोस. मी एकसष्ट वर्षांची आहे आणि फेरीबोटीच्या पलीकडचा एकेक रस्ता मी बघितलाय, पण उजव्या खिडकीतून. वसंतात आपली बस बंद झाली. आता नुसती शाळेची बस, तीही पोरं चढून जागा उरली तर. मागे एकदा मी ह्यांना म्हटलं होतं की मला शिकवा गाडी. हे म्हणाले, तुला कशाला, मी आहे ना. आहेत, पण समुद्राच्या मधोमध आहेत! आणि नाताळनंतर कायमचे घरी येणार, म्हणजे गाडीपासून चार पावलांवर. मग झालंच माझं शिकणं. म्हणून जे काय व्हायचं ते नाताळच्या आत. परीक्षेची तारीख मिळालीये, पाच नोव्हेंबर. शहरातल्या शिकवणीला मी चर्चच्या गाण्याच्या तालमीला म्हणून जाते. देव माफ करील, त्याला माझा आवाज माहीत आहे.

पण सराव घरच्या गाडीवर. शेजारी लायसनवालं माणूस हवं, म्हणून बोर्गहिल्डला धरलं. आठवते ना, तुला जगात आणणारी सुईण? ऐंशीला टेकली, ऐकू कमी येतं, पण अजून हिवाळ्यात गाडी हाकते. आम्ही दोघी घरापासून खाली बोटघरापर्यंतच्या उतारावर जातो. खाली, वर, खाली, वर. किलोमीटर कुठून वाढणार? बोर्गहिल्ड प्रत्येक वळणावर ओरडते: दे जोर, दे जोर, अजून थोडा, शाब्बास बाई, सोडू नकोस! चाळीस वर्षांची सवय आहे, तिला दुसरं बोलता येत नाही. मी घाबरून पाय सोडतच नाही. पहिल्या दिवशी खाली पोचलो तर चाकांचा असा वास की बोर्गहिल्ड म्हणाली तुझं काहीतरी करपलं, भाजी चुलीवर ठेवून आलीस का.

शिकाऊची लाल अक्षराची पाटी मी कुरकुरीत भाकरीच्या डब्यात, भाकऱ्यांखाली ठेवते. पस्तीस वर्षांत तो डबा ह्यांनी स्वतःच्या हाताने उघडलेला नाही. बँकेतसुद्धा इतकी सुरक्षित जागा नाही.

स्वेर्रेने ओळखलं रे. मी वॉफल घेऊन गेले आणि गप्प राहा म्हणून हात जोडले. बिचारा गप्प राहिला, आणि सगळ्या धक्क्यावर चोर ठरला. ते मात्र मला टोचतं. लायसन हातात आलं की पहिल्यांदा ह्यांना सांगेन, मग घाट ओलांडून तुझ्याकडे येईन. माझ्या हाताने.

उत्तर बोर्गहिल्डच्या पत्त्यावर लिही.

आहे तेवढ्या मायेत राहा.
काकू गुन्वोर

*

लोम, आता बेकरीच्या वरची खोली
१५ सप्टेंबर १९९६

सौ. काकूस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की खालून बेकरीवाल्याने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. छावणी बंद झाली, म्हणून मी आता पाव भाजतो. म्हणजे भाजणारा भाजतो, मी पोती उचलतो. बेकरीवाल्याच्या मते पीठ आणि पाऊस ह्यांचा थेट संबंध आहे, त्याबद्दल त्याने मला काल दुपारभर... ते जाऊ दे. तुझ्या ब्रेककडे येतो.

काकू, बोर्गहिल्डबाईंनी मला जगात आणलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण त्यांचं ऐकू नकोस. मी इथल्या पिठाच्या ट्रकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, उतार ब्रेकवर उतरायचा नसतो, गिअरवर उतरायचा. वरच्या टोकालाच खालचा गिअर टाक, मग इंजिनच गाडीला धरून ठेवतं, जसं अवखळ वासरू दाव्याने धरावं. वळण आलं की ब्रेक एकदा नेटाने दाबायचा, आणि सोडून द्यायचा. सोडणं महत्त्वाचं. जड माल घेऊन तो रोज घाट उतरतो आणि त्याच्या चकत्या, त्याच्या शब्दांत सांगायचं तर, नवरीच्या गालासारख्या आहेत. लग्न झालेलं नाही त्याचं, पण एकूण कल्पना आली.

काकांना आत्ताच सांगून टाक असं माझ्यातला भला माणूस म्हणतो. माझ्यातला दुसरा माणूस म्हणतो की टायवाल्याने आणखी काय काय बदललं ते आधी कळू दे. हा दुसरा जरा मोठ्याने बोलतो.

ये. वाट बघतो. लोभाला गिअर लागतो, ब्रेक नाही.

तुझा,
हालवर

*

समुद्रात, तेलविहिरीवरून
११ ऑक्टोबर १९९६

चि. हालवर यास,
अ. उ. आ.

समुद्र खवळलेला आहे, पण इथला वाद त्याहून मोठा आहे. विषय माझे ब्रेक.

टायवाल्याच्या चकत्याही गेल्या. गेल्या वेळी समुद्रातून परत आलो तर पुन्हा चर. मी त्याला फोन केला. तो म्हणाला ही 'सामान्य झीज' आहे. मी म्हटलं, शेडमध्ये उभ्या गाडीची? तो म्हणाला, साहेब, झीज ही झीज असते. मग फोनवर बराच वेळ संगीत वाजलं.

म्हणून मी इथे जेवणघरात प्रश्न मांडला. क्रेनवाला म्हणतो हल्लीचं लोखंड परदेशातून येतं, त्यात दम नाही. वेल्डर म्हणतो समुद्राची खारी हवा. स्वयंपाकी म्हणतो रस्त्यावर मीठ फार टाकतात. मी म्हटलं अजून बर्फ पडलेलं नाही, मीठ कुठून येणार, तर त्याला राग आला आणि त्याने मला बटाटे कमी वाढले. डॉक्टर म्हणाला त्याच्या बहिणीच्या गाडीलाही असंच व्हायचं आणि ती विकल्यावर थांबलं. संध्याकाळचे वॉफल थंड झाले तरी कुणी उठेना. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं की सगळे मेकॅनिक चोर. इतकी जाणती माणसं एकत्र बसली की मन हलकं होतं.

मी आता शास्त्रीय प्रयोग करतोय. चकत्या पुन्हा नव्या बसवल्या, गाडी शेडमध्ये ठेवली, आणि दोन्ही किल्ल्या बरोबर आणल्या आहेत. खिशातच आहेत. तरीही चकत्या खराब निघाल्या तर दोष गाडीच्या जन्मातच आहे असं समजून मी ती विकणार. शेजारच्या फ्योर्डच्या खाडीकाठचा एक शिक्षक तयार आहे, सव्वीस तारखेला बघायला येतोय. त्यानंतर गाडी नको. निवृत्त माणसाला जायचंय कुठे? काकूलाही कुठे जायचं नसतं.

तब्येत सांभाळ. पिठात काम करतोस, खोकल्याकडे लक्ष दे.

तुझा काका,
ओड्मुंड

*

वीकदाल
२७ ऑक्टोबर १९९६

चि. हालवर,
अ. उ. आ.

सगळं फुटलं. मीच फोडलं. क्रमाने सांगते, नाहीतर तुझ्यासारखं होईल.

हे किल्ल्या घेऊन गेले तेव्हा मला रडू आलं. बोर्गहिल्ड म्हणाली, बाळंतपण काय खाट असली तरच होतं का? तिने मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, पायाशी तीन पातेल्यांची झाकणं मांडली, हातात ताट दिलं. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. मी तुझ्या ट्रकवाल्याचं सांगितलं, गिअर म्हणून लाटणं. आधी तिने तोंड वाकडं केलं, पण मग दोन आठवडे आम्ही लोमचा घाट चुलीपासून फडताळापर्यंत उतरलो. पोस्टमन एकदा दारात येऊन तसाच मागे गेला.

हे मंगळवारी परतले. शेड उघडली, कापड काढलं. चकत्यांवर लाल गंज! दोन आठवडे ओल्या खाऱ्या हवेत उभी गाडी, दुसरं काय होणार. चार वेळा ब्रेक मारला की निघून जातो तो. पण ह्यांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, बघ गुन्वोर, चालवली तरी झिजते, नाही चालवली तरी सडते. ह्या गाडीला जन्मखोड आहे. विकायची.

काल शिक्षक आला. सभ्य माणूस, हातमोजे घातलेला. हे त्याला इंजिन दाखवत होते, आणि मी खिडकीतून बघत होते. वाटलं, झालं. परीक्षेला दहा दिवस, आणि परीक्षा झाली तरी चालवायला काय, पातेलं? मग कसं कोण जाणे, मी भाकरीचा डबा उघडला, पाटी काढली, झटकली, भाकरीचा चुरा लागला होता तिला. बाहेर जाऊन ह्यांच्यादेखत गाडीच्या मागे लावली. बोर्गहिल्डला बोलावलं. शिक्षकाला म्हटलं, बसा मागे, मी फिरवून दाखवते. डावं दार उघडलं आणि बसले. हे हातात कॉफीचा कप घेऊन अंगणात उभे.

आता तुला म्हणून सांगते. मला आता चांगली चालवता येते रे. पण काल मी मुद्दाम मे महिन्यासारखी चालवली. बोर्गहिल्डला म्हटलं, होऊ दे तुझं. ती जी सुरू झाली! पहिल्या वळणावर शिक्षकाने मोजे काढले. दुसऱ्यावर डोळे मिटले. बोटघरापाशी पोचलो तेव्हा चाकांतून धूर निघत होता. तो उतरला, आभार मानले, आणि चढ पायी चढून गेला.

मी गाडी वर आणली, तीही व्यवस्थित, हिसका न देता. ह्यांची कॉफी तशीच होती. विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, मेपासून. ते माझ्याकडे बघेनात, चाकाकडे बघत राहिले. मग घरात गेले आणि भाकरीच्या डब्याचं झाकण लावून टाकलं.

तेव्हापासून बोललेले नाहीत. रात्री माझ्यासाठी एक बटाटाही सोलला नाही, आणि बटाटे एरवी हेच सोलतात. हालवर, परीक्षा मी देणारच. पण ती पास झाले आणि हे असेच राहिले तर ते लायसन घेऊन मी काय करू?

तुझी,
काकू

*

वीकदाल
३१ ऑक्टोबर १९९६

चि. हालवर यास,
अ. उ. आ.

तुला सगळं माहीत होतं असं कळलं. तुझी पत्रं बोर्गहिल्डच्या पत्त्यावर येत होती असंही कळलं.

मी स्वेर्रेला चोर म्हटलं. टायवाल्याला पैसे दिले. तेलविहिरीवरच्या साठ माणसांना माझ्या गाडीबद्दल व्याख्यान दिलं. आणि माझ्या घरात, माझ्या भाकरीखाली, पाटी होती. काल स्वेर्रेकडे गेलो. माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने कपात कॉफी ओतली आणि म्हणाला, आज बुधवार, शनिवारचं शनिवारी. म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण मी प्यायलो.

गुन्वोर म्हणते मंगळवारी परीक्षा झाली की मी तिच्याबरोबर गाडीत बसून तुझ्याकडे यावं. मी नाही म्हटलं आहे. मला राग आहे म्हणून नाही. मी माझ्या गाडीत उजवीकडे कधी बसलेलो नाही, आणि ह्या वयात जागा बदलणं मला जमणार नाही. तिला जायचं तर तिने जावं. किल्ली खुंटीवर आहे.

तूही काही लिहू नकोस.

ओड्मुंड

*

लोम, बेकरीच्या वर
१० नोव्हेंबर १९९६, रविवार

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालात, म्हणून हे पत्र दहा दिवस पुढे ढकललं. आयुष्यात पहिल्यांदाच माझा आळस आणि आज्ञापालन एकाच दिशेला गेले.

काका, शिवी द्या, पण वाचा. काकू पास झाली असेल की नाही मला अजून माहीत नाही. तिचं काहीच पत्र नाही, आणि त्या शांततेची मला भीती वाटते. ती पोरीसारखी पातेल्यांच्या झाकणांवर घाट उतरत होती, ते कुठे जायला? मला बघायला, हे खरं. पण मला बघायचं तर ती बस बदलत बदलतही आली असती. तिला तुम्हांला काहीतरी दाखवायचं होतं. तुम्ही समुद्रात जाता, हेलिकॉप्टरमधून खाली बघता, दर पाच आठवड्यांनी एक गोष्ट सांगायला घेऊन येता. ती पस्तीस वर्षं ऐकतेय. तिलाही एकदा घरी येऊन सांगायचंय की आज घाटात काय झालं.

आणि चकत्यांचं म्हणाल तर त्या झिजायलाच असतात. ट्रकवाला म्हणतो, न झिजलेली चकती म्हणजे कुठेच न गेलेली गाडी. तो फार शहाणा आहे असं नाही, परवा त्याने रेनडिअरला बाजूला हो म्हणून हॉर्न वाजवला आणि अर्धा तास त्याच्याशी वाद घातला. पण हे बोलला ते मला पटलं. तुम्ही उजवीकडे बसा, काका. तिथून खिडकीतलं दिसतं. तुम्ही एवढी वर्षं ह्या रस्त्यांवर गाडी चालवलीत, धबधबे एकदा तरी बघितलेत का? काकूला विचारा, तिला सगळे

थांबा. खाली बेकरीसमोर गाडी थांबली. ब्रेकचा आवाज नाही, म्हणून मी आधी मानही वर केली नाही. मग हॉर्न.

तुमची गाडी आहे. डावं दार उघडलं, काकू उतरली. डोक्याला रुमाल, तोंड लाल, हातात कुरकुरीत भाकरीचा डबा. खालूनच मला ओरडून सांगतेय की खाली ये आणि चाकाला हात लावून बघ, घाटापलीकडच्या स्त्रीनपासून आख्खा घाट उतरून आले तरी गार आहे म्हणून. मागे लाल पाटी नाही. म्हणजे पास! बेकरीवाला पिठाच्या हातांनी बाहेर पळालाय आणि खरंच चाक चाचपतोय.

आणि आता उजवं दार उघडतंय, सावकाश. एक उंच माणूस बाहेर येतोय, एका हाताने गाडीचं छत धरून. उजवा पाय खाली टेकवताना लंगडतोय. काकू त्याला हसतेय; म्हणतेय की घाटभर बिचाऱ्याने तिथे नसलेला ब्रेक दाबलाय, पायाखालच्या मॅटला भोक पडलं, आता त्याला स्वेर्रेकडे नेऊन नवीन पाय घालायला हवा. तो काहीतरी उत्तर देतोय. ऐकू येत नाही, पण हात हलवून धबधबा कुठून कुठे पडत होता ते बेकरीवाल्याला दाखवतोय.

तेव्हा हे पत्र टपालात टाकत नाही, हातातच देतो. लोभ वाटेत झिजला नसेल तर वर येऊन कॉफी घ्यावी.

तुमचा पुतण्या,
हालवर